दिवा मंद की डोळा अधू?

घरातला पंखा बंद पडला, तर तो बंद पडल्याचे कोणी सांगावे लागत नाही. मिक्सर जळाला, तर शेजारच्या बिऱ्हाडालाही वास येतो. आमच्या लहानपणी रेडिओ खरखरला की त्याच्या डोक्यावर एक चापट मारण्याची पद्धत होती, आणि पुष्कळदा तेवढ्याने तो सुधारत असे. (मुलांच्या बाबतीतही हाच उपाय चालत असे, गुण मात्र इतका खात्रीचा येत नसे.) सांगायचे एवढेच की, बहुतेक यंत्रे बिघडली की तशी कबुली देतात. ज्या यंत्राच्या संगतीत माझा उभा जन्म गेला, ते मात्र ह्या बाबतीत पक्के लबाड आहे. प्रकृती ढासळली तरी चेहऱ्यावर ते काही दिसू देत नाही. ह्या यंत्राचे नाव रडार.

जहाजांवरचे रडार दुरुस्त करणे हा माझा पोटाचा धंदा. लग्नकार्यात कोणी विचारले आणि मी खरे उत्तर दिले, की समोरचा गृहस्थ आदराने म्हणतो, “म्हणजे विमानतळावर का?” मग त्याला सांगावे लागते की, विमानांप्रमाणे जहाजांनाही काळोख, धुके आणि पाऊस असतो, ठोकळ मानाने तीनशे टनांवरच्या प्रत्येक दर्यावर्दी जहाजावर रडार असावेच लागते, आणि मुंबईच्या बंदरात अशा जहाजांना तोटा नाही. इतके ऐकेपर्यंत जिलबीचे ताट फिरू लागलेले असते, आणि खरी गंमत सांगायची राहूनच जाते. ती आज सांगतो.

रडार म्हणजे एक दिवा आणि एक डोळा. दिवा म्हणजे ट्रान्समीटर, डोळा म्हणजे रिसीव्हर. हा दिवा सारखा जळत नाही, तो लुकलुकतो. एका सेकंदात हजारभर वेळा तो चमकतो, आणि प्रत्येक चमक एका सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाएवढी किंवा त्याहूनही आखूड असते. त्या क्षणापुरती त्याची ताकद पंचवीस किलोवॅटपर्यंत जाते. पण सरासरी काढली, तर निजायच्या खोलीतल्या लहानशा दिव्यापेक्षा काही ती जास्त भरत नाही. ही चमक रेडिओलहरींची असते. ती एखाद्या जहाजावर किंवा खडकावर आपटून परत येते, आणि मधल्या काळात डोळा तिची वाट पाहत बसलेला असतो. एका सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागात लहर तीनशे मीटर धावते. जाणे आणि येणे दोन्ही हिशेबात धरले, की वस्तू दीडशे मीटरवर आहे हे कळते. परत येणारी लहर किती क्षीण असावी? एका वॅटचे दहा लक्ष कोटी भाग केले, तर त्यांतल्या एका भागाएवढी कुजबूजसुद्धा ह्या डोळ्याला पुरते.

आता अडचण पाहा. पडदा रिकामा दिसला, तर त्याचे अर्थ तीन होतात. समुद्र खरोखरच मोकळा असेल. दिवा मंद झाला असेल. किंवा डोळा अधू झाला असेल. पडदा तिन्ही वेळा सारखाच शांत आणि सुंदर दिसतो!

माझ्या आजीची गोष्ट इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. ती एके वर्षी तक्रार करू लागली की, “हल्लीच्या दिव्यांना मेलं तेजच नाही.” काकांनी चाळीसचा बल्ब काढून साठचा लावला. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मग शंभरचा लावला. विजेचे बिल वाढले, आजीचे तेज काही वाढेना. शेवटी डॉक्टरांनी तिचा मोतीबिंदू काढला, आणि घरी आल्याबरोबर तिला पहिल्यांदा काय दिसले असेल, तर माळ्यावरची जळमटे! पुढचे आठ दिवस काकूचे काय झाले ते सांगत नाही. पण रडारच्या दुरुस्तीचे सारे शास्त्र ह्या गोष्टीत आहे. बल्ब बदलण्याआधी विचारायचे : दिवा मंद की डोळा अधू?

हे ओळखायचे कसे? पहिली खूण म्हणजे गवत. रिसीव्हरची ताकद वाढवली, की पडद्यावर खसखस सांडल्यासारखे बारीक ठिपके उमटतात. रडारवाले ह्याला ‘गवत’ म्हणतात. ते बाहेरून येत नाही. रिसीव्हरच्या स्वतःच्या अंगातल्या विद्युत्कणांची ती चुळबूळ असते. नवशिक्याला ते नकोसे वाटते, आणि मला ते दिसले की बरे वाटते. कारण गवत म्हणजे रिसीव्हरची नाडी. गवतच नाही, तर डोळ्यात किंवा पडद्यात बिघाड. गवत भरघोस आहे पण प्रतिध्वनी एकही नाही, तर डोळा उघडा आहे, मात्र दिवा विझलेला आहे. नाही तर डोळा भलत्याच सुरावर कान लावून बसला आहे. (डोळ्याला कान फुटले ह्याबद्दल क्षमा असावी, पण रेडिओवर स्टेशन चुकावे, तसे इथेही होते.)

मग दिव्याकडे वळायचे. ह्या दिव्याचा प्राण म्हणजे मॅग्नेट्रॉन. १९४० च्या फेब्रुवारीत बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट ह्या दोन शास्त्रज्ञांनी तो सिद्ध केला, त्याच वर्षी तो समुद्रापार अमेरिकेला पोचला, आणि युद्धाचा रंग बदलण्यात त्याने मोठा हात लावला. आज त्याचा धाकटा भाऊ कित्येक घरांतल्या मायक्रोवेव्ह भट्टीत बसून पापड भाजतो. जहाजावरचा मॅग्नेट्रॉन काही हजार तास चालतो आणि मग माणसासारखाच म्हातारा होतो. त्यातून वाहणारा प्रवाह कमी होतो. मापकाची सुई थरथरू लागते. त्याला धक्के देणारा मॉड्युलेटर मात्र गातो! खरेच सांगतो, पेटीजवळ कान नेला तर एक बारीक गुणगुण ऐकू येते, आणि पल्ला बदलला की तिचा स्वरही बदलतो. जवळचे पाहताना दिवा भराभर लुकलुकतो, म्हणून स्वर चढतो. लांबचे पाहताना उतरतो. गुणगुण आहे आणि प्रवाह नाही, तर संशय मॅग्नेट्रॉनवर. गुणगुणही नाही, तर मॉड्युलेटरवर. हे ऐकताना आम्ही एक हात खिशात ठेवतो. ती ऐट नव्हे. वीज बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरांत हजारो व्होल्ट दबा धरून बसलेले असतात, आणि दोन्ही हात आत घातले तर त्यांना छातीतून जायला वाट मिळते.

डोळ्याचे दुखणे अधिक नाजूक. जुन्या पद्धतीच्या रडारमध्ये बाहुलीच्या जागी एक स्फटिक असतो, शेंगदाण्यापेक्षा फार मोठा नाही असा. स्फटिकाने रेडिओलहर पकडण्याची विद्या आपल्या जगदीशचंद्र बोसांनी आधीच साधली होती. गॅलिना ह्या खनिजाच्या त्यांच्या शोधकाला अमेरिकेत १९०४ साली पेटंट मिळाले. हा स्फटिक इतका कोमल की, कोरड्या हवेत नुसत्या बोटातल्या विजेनेही तो मरतो. म्हणून तो धातूच्या आवरणात गुंडाळून येतो आणि त्याला हात लावण्यापूर्वी आपण जहाजाच्या लोखंडाला हात लावायचा असतो. आता एवढा कोमल डोळा, आणि त्याच्याच शेजारी पंचवीस किलोवॅटचा दिवा! तो टिकतो कसा? त्याला पापणी असते. टी. आर. सेल नावाची वायूने भरलेली एक नळी दिवा चमकला की क्षणात मिटते आणि लगेच उघडते.

एका जहाजावर स्फटिक दर पंधरा दिवसांनी मरत असे. नवा घातला की रडार टवटवीत, पंधरवडा उलटला की पुन्हा अंधार. जहाजावरच्या तरुण विद्युत अधिकाऱ्याने कपाटात डझनभर स्फटिक भरून ठेवले होते आणि दुकानदाराला शिव्या देणे चालले होते. मी त्याला विचारले, “पडद्यावर अगदी जवळच्या होड्या दिसतात का?” तो म्हणाला, “नाही, जवळचं हल्ली काहीच दिसत नाही.” मग उत्तर मिळालेच! पापणी म्हातारी झाली होती. मिटताना ती नीट मिटत नव्हती, म्हणून स्फटिक जळत होता. उघडताना उशीर करत होती, म्हणून जवळचा प्रतिध्वनी परत आला तरी दार बंदच असे. दोन तक्रारी वेगळ्या, दोष एकच. नळी बदलली, बाकीचे स्फटिक त्याच्या कपाटात अजून तसेच पडले असतील.

मेलेल्या रडारची मला भीती वाटत नाही. ते मेले हे कप्तानाला कळते. तो वेग कमी करतो, भोंगा वाजवतो, नाकाडावर माणूस उभा करतो. भीती वाटते ती अर्ध्या जिवाच्या रडारची. ह्याला कारण एक विचित्र गणित आहे. रडारची ताकद निम्मी झाली, तर त्याचा पल्ला निम्मा होत नाही. तो शेकडा सोळानेच घटतो. चोवीस मैलांवर दिसणारी वस्तू वीस मैलांवर दिसू लागते. पल्ला निम्मा व्हायला ताकदीचे सोळा भागांतले पंधरा भाग जावे लागतात! म्हणजे रडार हळूहळू झिजत जाते आणि रोज पाहणाऱ्याला ते कळतच नाही. रोज आरशात पाहणाऱ्याला आपले केस पिकल्याचे कळत नाही, तसे. किनारा दिसतो, नांगरलेली मोठी जहाजे दिसतात, मग तक्रार कसली? पण लोखंडाचा डोंगर आणि लाकडाची होडी ह्यांचे प्रतिध्वनी सारखे नसतात. रडार अशक्त झाले म्हणजे सगळे सारखेच अंधूक होत नाही. जे मुळातच कमी दिसते, ते आधी नाहीसे होते. मोठ्यांना धक्का लागत नाही. यादीतून पहिले नाव खोडले जाते ते कोळ्याच्या होडीचे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला होता. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठून होड्या समुद्रात गेलेल्या, आणि पाऊस काही गेलेला नव्हता. एक मालवाहू जहाज बंदराबाहेर नांगरावर होते. त्याचे रडार पाहायला मी लाँचने गेलो. कप्तान रत्नागिरीकडचे, त्यामुळे बोलणे मराठीतच झाले. चहा मागवून ते म्हणाले, “तसं रडार ठीक आहे हो. वर्षात दोनदा मॅग्नेट्रॉन बदलला, पैशाकडे पाहिलं नाही. पल्ला थोडा कमी वाटतो, एवढंच. काल रात्री बघा, पाऊस असा की नाकापुढचं दिसत नव्हतं. पण पडदा अगदी स्वच्छ! खांदेरीपासून इथवर एक होडी आडवी आली नाही.”

मी चहा तसाच ठेवून कामाला लागलो. मॉड्युलेटर सुरात होता. मॅग्नेट्रॉनचा प्रवाह हवा तेवढा, सुई स्थिर. स्फटिक ठणठणीत. गवत भरघोस. दिवा चांगला, डोळा चांगला, आणि तरी दृष्टी अधू! असे झाले म्हणजे दिवा आणि डोळा ह्यांच्यापुढची काच पाहावी. मी विचारले, “पाऊस थांबून दोन दिवस ऊन पडलं, तर सुधारतं का?” दुय्यम अधिकारी चमकून म्हणाला, “हो, तुम्हाला कसं कळलं?”

यंत्रापासून डोलकाठीवरच्या फिरत्या अँटेनापर्यंत एक चौकोनी, पोकळ धातूची नळी जाते. तिला वेव्हगाइड म्हणतात. लहरी त्यातून जातात आणि त्यातूनच परततात. मी सर्वांत खालचा सांधा सैल केला, आणि चहाच्या पेल्यात मावेल इतके पाणी माझ्या बाहीत शिरले. वरच्या एका सांध्याचे रबर चिरले होते. प्रत्येक सर थोडीशी आत झिरपत होती. नळीतल्या पाण्याचे विशेष असे की, ते दोनदा जकात घेते. जाताना निम्मी ताकद खाल्ली, येताना पुन्हा निम्मी; हाती चौथाई उरते. चोवीस मैलांचे सतरा होतात. आणि पाणी ह्याहून किती तरी अधिक खाऊ शकते. अशा नळीला नवा मॅग्नेट्रॉन लावणे म्हणजे आजीला शंभरचा बल्ब लावणे! जहाजावर रडारची ताकद पडताळणारा परीक्षक होता, त्याची नोंदवहीही होती; मात्र रकान्यात वर्षभर तोच आकडा, त्याच शाईने, ओळीने लिहिलेला होता.

नळी पुसली, वाळवली, नवे रबर घातले आणि रडार सुरू केले. तीन मिनिटे ते तापू द्यावे लागते. मग रेषा फिरू लागली. कप्तान माझ्या खांद्यावरून पाहत होते. किनारा उमटला, प्राँगचे दीपगृह उमटले, खांदेरी उमटली. आणि खांदेरीपासून आमच्यापर्यंतच्या पाण्यात मोहरी सांडावी तसे ठिपके उमटले. तीस तरी असतील. प्रत्येक फेरीला तिथल्या तिथे. कप्तानांनी ते मोजले. मग पुन्हा मोजले. काल रात्रीच्या स्वच्छ पडद्याबद्दल ते त्यानंतर एक अक्षरही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. त्या रात्री कोणाला काही झाले नव्हते. पण त्यात रडारचे श्रेय काही नव्हते.

उलटही घडते, आणि इतिहासात ते फार महाग पडले आहे. १९४१ च्या डिसेंबरची सात तारीख. हवाई बेटांपैकी ओआहू बेटावर ओपाना येथे दोन तरुण सैनिक रडारपाशी होते. सकाळी सात वाजून गेल्यावर सुमारे एकशे तीस मैलांवर इतका प्रचंड प्रतिध्वनी उमटला की, यंत्रच बिघडले असावे असे रडारवर बसलेल्याला प्रथम वाटले. त्याने तपासले, यंत्र निर्दोष होते. त्यांनी वर कळवले. त्या सकाळी अमेरिकेहून आपलीच बाँबर विमाने यायची होती. तीच असतील असे समजून वरच्या अधिकाऱ्याने, काळजी करू नका, असे सांगितले. आठ वाजायच्या सुमारास पर्ल हार्बरवर जपानी बाँब पडू लागले. दोष शोधणाऱ्याला निर्दोष कोण हेही ओळखता आले पाहिजे, ते एवढ्यासाठी.

आणि कधी कधी दोष यंत्रात नसतो, एका गुंडीत असतो. खवळलेल्या लाटाही रडारला प्रतिध्वनी देतात. पडद्याच्या मध्यभागी त्यांची गर्दी होते. ती कमी करायला एक गुंडी असते. लाटांनी वैतागलेला अधिकारी ती पिळत जातो, लाटा पुसल्या जातात, आणि लाटांत असलेली होडीही पुसली जाते. समुद्रावरच्या वाहतुकीचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम हे जाणतात. रडारवर मिळालेल्या अपुऱ्या माहितीवरून तर्क बांधू नका, असे ते बजावतात. लहान नौका रडारला पुरेशा अंतरावरून न दिसण्याचा संभव लक्षात घेऊनच वेग ठरवा, असेही सांगतात. कायद्याच्या रूक्ष भाषेत कोळ्यांची एवढी आठवण ठेवलेली पाहून मला नेहमी बरे वाटते.

ह्या शतकात मॅग्नेट्रॉनवाचून चालणारी रडारेही आली आहेत. त्यांचा दिवा पुष्कळ अर्धवाहकांचा मिळून बनतो, आणि बिघाड झाला तर पडदा तसे अक्षरांत लिहून दाखवतो. सोय मोठी. पण नवे पडदे इतके सफाईदार झाले आहेत की, ते गवतही खुडून टाकतात, आणि नाडी बघायची जागा हरवते. वेव्हगाइडातले पाणी, अँटेनावर कोणी हौसेने फासलेला रंग, पिळलेली गुंडी हे सगळे नव्या काळातही जुनेच आहे. म्हणून मी तरुण अधिकाऱ्यांना एक साधा नेम सांगतो. बंदरात येताना ओळखीचे बेट, म्हणजे आपली खांदेरी, पडद्यावर पहिल्यांदा किती मैलांवर उमटली ते दर खेपेला लिहून ठेवा. उपकरण लागत नाही, पैसा लागत नाही. चार महिन्यांत ती खांदेरी दोन मैल अलीकडे सरकली, तर बेट सरकलेले नसते!

त्या दिवशी परत येताना मी ससून डॉकला उतरलो. तिथे एक ओळखीचे म्हातारे नाखवा जाळे शिवत बसले होते. मी काय करतो हे त्यांना ठाऊक. ते म्हणाले, “साहेब, तुमच्या त्या मशीनमधे आमची होडी दिसते का?”

“दिसते, नाखवा,” मी म्हटले, “पण मशीन धड असेल तर.”

“आन् धड नसेल तर?”

मी त्यांना तीन पत्रे एकमेकांना काटकोनात छेदतील असे जोडून दाखवले. अशा कोपऱ्यात शिरलेली लहर, ती कुठूनही येवो, आल्या वाटेने परत जाते. लहानशी होडी त्यामुळे रडारला पुष्कळ मोठी भासते. मात्र ते डोलकाठीवर शक्य तेवढे उंच टांगायला हवे. नाखवांनी ते हातात फिरवून पाहिले. “म्हंजे हा आमचा आकाशकंदीलच की,” ते म्हणाले, “फकस्त दिवाळीपुरता नाय, रोजचा.” आणि त्यांनी नातवाला हाक मारून दोरी आणायला सांगितली.